टायमर सोडून सगळं

—नाही, टायमर नाही मिळायचा. तो सोडून सगळं न्या. टाकी न्या, खालचा लोखंडी स्टँड न्या, फिल्टर, दिवा, खडी, लाकूड, झाडं, आतले सात मासे, आणि गोगलगायी तर मोजूच नका, त्या नको म्हटल्या तरी येणारच तुमच्याबरोबर. माशांच्या दुकानातल्या फळ्यावर मी काय लिहिलं होतं? 'चालू टाकी, झाडांसकट, फुकट.' टायमरचं लिहिलं होतं? नव्हतं. मग झालं तर. — हो, त्या सॉकेटभोवती चौकोनी डाग दिसतोय ना, तिथेच होता. नजर बरी आहे तुमची. आता तो माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या डब्याखाली, आणि तिथेच राहणार. — दुकानात मिळतो म्हणता? मिळू दे की. दुकानात उंदराचं विषही मिळतं. बसा. तिथे नको, ती खुर्ची हलते, एवढी एकच उरलीय, बाकी सगळं सामान गेलं. ह्या उलट्या बादलीवर बसा. उद्या खोली रिकामी करून द्यायचीय मालकांना, म्हणून ही घाई. नाहीतर मी कशाला फळ्यावर लिहायला जातेय. — तुमचा फोन वाजतोय. घ्या ना, मी थांबते. नंतर? बरं, तुमचं तुम्ही बघा. एकटेच राहता का? नाही, सहज विचारलं.

तर पहिल्यांदाच करताय हे. सांगायला नको, निळी खडी मिळेल का म्हणून विचारलंत तेव्हाच कळलं मला. निळी खडी! आणि मग प्लास्टिकचा किल्ला, त्यातून बुडबुडे — हसत नाहीये मी, मलाही तसंच वाटायचं, काचेची पेटी आणली, पाणी ओतलं, मासे सोडले की झालं. मासे सगळ्यात शेवटी. आधी झाडं लावायची, आणि महिनाभर नुसत्या पाण्याकडे आणि झाडांकडे बघत बसायचं. होत नाही कुणाच्याने. तुमच्यानेही होणार नाही, पण तुम्हाला चालती टाकी मिळतेय, म्हणून तुमचं निभेल. आता हे बघा, हे जाड पानाचं, काळपट हिरवं, हे अनुबियास. ह्याला मारायचं म्हटलं तरी मरत नाही, पण नवी माणसं मारून दाखवतात. कसं? खडीत खोचतात. झाड दिसलं की माणसाचा हात त्याला पुरायलाच जातो. हे आडवं खोड दिसतंय ना, आल्याच्या तुकड्यासारखं — हे पुरलं की कुजलं. ते उघडं पाहिजे. दगडाला नाहीतर लाकडाला बांधायचं. कशानं? दोऱ्यानं. साध्या सुती दोऱ्यानं, नायलॉन आणू नका. सुती दोरा दोनेक महिन्यांत पाण्यात कुजून गळतो, आणि तोवर मुळांनी दगड घट्ट धरलेला असतो. सोडवायला नको, कापायला नको. दोरा माझ्याकडूनच यायचा, काळा, चाळीस नंबरचा. 'धाकटे, वीतभर दोरा टाक गं' — खाली चौकात उभा राहून हाक मारायचा, आणि मी वरून अख्खं रीळच फेकायचे. वीतभर काय मागायचा, जसं काही मी टेपाने मोजून देणार होते.

कोण म्हणजे? दादा. मोठा भाऊ माझा. टाकी त्याचीच. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, तीस वर्षं काचेची भांडी धुतली, आणि निवृत्त झाल्यावर काय करावं त्याने, तर पुन्हा काचेचंच भांडं आणून ठेवलं घरात, फक्त मोठं! लग्नबिग्न काही केलं नाही. बिल्डिंगमधे सगळे त्याला 'मासेवाले काका' म्हणायचे, त्याचा काय राग यायचा त्याला. म्हणायचा, मासे नऊ, झाडं सत्तर, आणि मी मासेवाला कसा? — नाही, आता तो इथे नसतो. पाणी सांगते आधी. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं, नळाचं थेट नाही, आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवायचं, औषधाचा वास उडून गेला पाहिजे. आणि हा फिल्टरमधला स्पंज. काळा, बुळबुळीत, घाण. घाणच आहे, पण कामाची घाण आहे, पाणी तीच जिवंत ठेवते. हा नळाखाली धुवायचा नाही. काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, बस्स. मी पहिल्या आठवड्यात चांगला साबण लावून धुतला! स्वच्छतेची हौस ना मला. दोन मासे गेले त्यात. म्हणून सात.

आता दिवा. आठ तास. नवी माणसं बारा-बारा, चौदा-चौदा तास जाळतात, झाडांचं भलं होईल म्हणून, आणि मग काचेवर शेवाळं चढतं आणि मलाच येऊन विचारतात. — मला म्हणजे दादाला. मला कोण विचारतंय. आठ तास, आणि रोज त्याच वेळी. हो, म्हणूनच लोक टायमर लावतात, माहितेय मला, किती वेळा तेच तेच! वहीतही लिहिलंय त्याने, ही वही, हीसुद्धा न्या, बघा पहिलंच पान, खाली दोन रेघा मारल्यात: 'दिवा नऊ ते पाच. माणसाच्या भरवशावर ठेवू नये.' वाचलंत? माणसाच्या भरवशावर ठेवू नये. तारीख बघा वरची. आई गेल्याच्या पुढच्या आठवड्यातली. त्याच्या आधी चार वर्षं तो हातानेच लावायचा, मी बघितलंय ना, इथेच बसून चहा पीत बघितलंय. टायमर त्या आठवड्यात आणला. टाकीपायी आपण परत कधी कुठे अडकायला नको म्हणून आणला असेल. हे मला आत्ता वही वाचून कळलं, तेव्हा कुठे माहीत होतं. तेव्हा मी इथे येतच नव्हते.

या, इकडे या, खिडकीशी. ती समोर बघा, निळा पडदा, आत मशीनचं चाक दिसतंय? ती माझी खोली. मधे हा एवढासा चौक, सायकली लावतात तो. बत्तीस पावलं, जिने सोडून. बावीस वर्षं मी त्या खिडकीत बसून लोकांचे कपडे आत घेते नि बाहेर सोडते, आणि मान वर केली की समोर ही खिडकी, आणि खिडकीत ही टाकी. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. — हे तुम्हाला कशाला सांगतेय मी. बोलणं नव्हतं, पण उजेड होता ना. नऊ वाजले की हिरवा उजेड, की मी म्हणायचे, उठला. पाच वाजता गेला, की म्हणायचे, आटपलं वाटतं ह्याचं. मला काय माहीत तो आपोआप लागतो! मी समजत होते, दादा उठतो आणि बटण दाबतो, पूर्वीसारखा. शिस्तीचा माणूस, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं तर मी त्या उजेडावर लावून घ्यायचे, आता काय बोलायचं.

भांडण? आईवरून. नाही, वाटणीबिटणी काही नाही, वाटायला होतं काय आमच्याकडे. आई हॉस्पिटलात होती, मी तिच्या उशाशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाला बोलवायचं असेल तर आत्ता बोलवा. मी दादाला फोन लावला. मागे पाण्याचा आवाज येत होता. म्हणाला, 'पाणी अर्धं काढलंय, मासे बादलीत आहेत, अर्ध्या तासात पोचतो.' अर्ध्या तासात! आई त्यातली वीसच मिनिटं होती. दोनदा डोळे उघडून दाराकडे बघितलं तिने. तो आला तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तिथल्या पॅसेजमधे, नर्सेस, आया, परक्यांचे नातेवाईक, सगळ्यांसमोर मी म्हटलं, 'जा, तुझी झाडं सुकतील.' एवढंच. शिव्या नाही दिल्या, काही नाही. तो खाली बघत उभा राहिला, बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. म्हणजे तेच माझं शेवटचं बोलणं झालं त्याच्याशी.

कुठे होते मी — हां, हे कोपऱ्यातलं. तपकिरी, कडा मुरडलेल्या. हे क्रिप्ट. खरं नाव हातभर लांब आहे, वहीत बघा. ह्याचं नीट ऐका, कारण इथेच सगळे चुकतात. ह्याची जागा बदलली की हे रुसतं. तुम्ही घरी न्याल, लावाल, आणि आठ दिवसांत ह्याची पानं शेंबडासारखी होऊन गळतील. एकूण एक. तुम्ही म्हणाल, मेलं. मेलेलं नसतं ते, खाली मूळ जिवंत असतं. उपटून बघायचं नाही, हलवायचं नाही, टाकायचं तर मुळीच नाही, सहा आठवडे थांबायचं. मग नवं पान येतं, नव्या पाण्याचं. सहा आठवडे, लिहून घ्या. — मी टाकलं होतं. ह्यातलं नाही हो. त्या दोन वर्षांत एकदा सकाळी दार उघडते तर उंबऱ्याशी काचेची बरणी. तळाला खडी, पाणी, आणि एवढंसं क्रिप्ट. सोबत चिठ्ठी, चार घड्या घातलेली. चिठ्ठी मी उघडली नाही. पण बरणी आत घेतली हं, हे सांगितलं पाहिजे, आत घेतली आणि मशीनपाशी उजेडात ठेवली. आठव्या दिवशी सगळी पानं गळाली, पाणी गढूळ, वास. मला असा राग आला! म्हटलं, गोडी करायची तर तीही मेलेल्या झाडाने. ओतलं कचऱ्यात, चिठ्ठीसकट. बरणी धुऊन घेतली, बटणं ठेवते त्यात. आणि आता वहीत काय निघावं? हे बघा. 'धाकटीला क्रिप्ट दिलं.' त्याच्याखाली आठवडे मांडलेत, एक, दोन, तीन, प्रत्येकापुढे फुली. सहापुढे लिहिलंय, 'पान आलं असेल.' पुढचं पान कोरं आहे, ते बघू नका.

परत वाजतोय तुमचा. कोण एवढं मागे लागलंय? — घरचंच? मग घ्या ना. बरं, नका घेऊ, फोन काय, कधीही घेता येतो. येतो का? मीही असंच म्हणायचे.

गेला तो. पाच महिने झाले. तुम्हाला वाटलं असेल गावाला गेला, नाहीतर कुणा नातेवाइकाकडे, मीच तसं बोलत होते. इथेच गेला. सांगून टाकते, नाहीतर खालच्या मजल्यावर कुणीतरी सांगेलच तुम्हाला, तिखटमीठ लावून. सोमवार होता. नऊला दिवा लागला, उठला म्हटलं, आणि कापायला बसले. एका बाईंचा कोट होता, महागाचं कापड, खडूची रेघ मारून कात्री घातलेली, आणि फोन वाजला. दादाचं नाव. दोन वर्षांनी! मी मान वर करून इकडे बघितलं. दिवा चालू. म्हटलं, दिवा लावून बसलाय म्हणजे ठीक आहे, आज आठवण झाली असेल. वाजू दिला. हातात कात्री होती ना, मधे सोडली की रेघ जाते. एकदाच वाजला आणि थांबला. नंतर करीन म्हटलं. मग दुपार झाली, मग म्हटलं, त्याला गरज असेल तर करेल परत. मंगळवारी नऊला दिवा लागला. बुधवारी लागला. गॅलरीतल्या दोरीवर त्याचा राखाडी शर्ट होता, त्याची कॉलर मीच उलटी करून दिलेली पूर्वी, लांबूनही ओळखते मी माझं काम. तो रविवारी वाळत घातला होता. गुरुवारी तिथेच. मी म्हटलं, आळशी झालाय. पुढच्या सोमवारी तिथेच, एक चिमटा सुटून लोंबत होता, मी म्हटलं, एवढा आळस? रात्री खिडकीत काळोख असायचा, तर तो लवकर झोपतो. सगळ्याला उत्तर होतं माझ्याकडे. आणि सकाळी नऊला दिवा होताच. दिवा लागतोय म्हणजे माणूस आहे, तुम्हीही हेच म्हणाला असता. कुणीही म्हणेल. अकरा दिवस, अहो. अकरा दिवस मी रोज सकाळी म्हटलं, उठला.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, नऊला लागला नाही. सव्वानऊ झाले. दहा झाले. मी मशीनवर पाय ठेवून बसले होते, एक टाका घातला नाही. अकराला लागला. लागल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता, तर उलटच झालं, कारण दादा आणि दोन तास उशीर? म्हटलं, आजारी आहे. अंथरुणातून उठवत नसेल, कसाबसा उठून दिवा लावला असेल. मग तो फोन आठवला. त्याला सोसेल असं पातळ काहीतरी केलं, डब्यात भरलं, डबा हातात घेऊन दोनदा जिना उतरले आणि दोनदा वर गेले, काय बोलायचं ते ठरेना. बत्तीस पावलं यायला मला संध्याकाळचे सहा वाजले. बेल दाबली, हाका मारल्या. खालच्या वकीलबाई वर आल्या, त्यांनी किल्लीवाल्याला आणवलं, आतून कडी होती, ती काढायला वेळ लागला. उघडलं. वासाचं नाही सांगत, तुम्ही इथलं पाणी घरी नेणार आहात. तो इथे होता, तुम्ही बसलाय तिथून हातभर अलीकडे. — बसा, बसा, उठू नका, फरशी मी कितीदा घासलीय त्याची गणती नाही. आणि ही टाकी! इतकी सुंदर कधी दिसली नव्हती. अकरा दिवस कुणाचा हात लागला नव्हता, पाणी चार बोटं उतरलं होतं तेवढंच, बाकी झाडं वरपर्यंत आलेली, मासे इकडून तिकडे. किल्लीवाला म्हणाला, 'पण दिवा तर चालू आहे.' आणि मी, हातात डबा, मी म्हटलं, 'हो ना, सकाळीच लावलाय त्याने, मी बघितलंय.' शपथ घेऊन सांगितलं असतं मी तेव्हा. आणि सात वाजले, आणि त्या सॉकेटमधे टक् झालं, आणि दिवा गेला. आम्ही तिघंही दारातच होतो. कुणी हात लावला नव्हता.

त्या दिवशी पहाटे दोन तास वीज गेली होती. मला पत्ताही नाही, झोपले होते. वीज गेली की तो टायमर जागच्या जागी थांबतो आणि आली की तिथूनच पुढे फिरायला लागतो. म्हणून दोन तास मागे पडला. बस्स, एवढंच. वीज गेली नसती तर मी अजूनही म्हणत बसले असते, उठला. नाही, कुणीतरी आलं असतं, वास — पण मी आले नसते. डॉक्टर म्हणाले, पडल्यापडल्याच गेले असतील, काही कळलंही नसेल. चांगले आहेत ते, सगळ्यांना तसंच सांगत असतील. फोन त्याच्या हातात होता. पोलिसांनी नंतर दिला मला, त्यात दिसतं की सगळं. नऊ वाजून दहा. नऊ वाजून बारा. — हो, एकदाच म्हटलं मी मघाशी. तीनदा. तीनदा आला. तिसरा नऊ चाळीसला. पहिल्यांदा वाजला तेव्हा माझ्या हातात कात्री होती हे खरं आहे, खोटं नाही सांगत, आणि मी मनात म्हटलं, थांब आता तूही अर्धा तास. अगदी ह्याच शब्दांत म्हटलं. बरं वाटलं मला म्हणताना. नऊ चाळीसला वाजला तेव्हा कापड कापून झालं होतं. हात मोकळे होते माझे. मी फोन पालथा घातला, समोर बघितलं, दिवा होता. आणि चहा टाकला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वकीलबाईंनाही नाही. तुम्हाला का सांगितलं? तुम्ही टायमर टायमर करत बसलात म्हणून.

तो मी त्याच संध्याकाळी उपटला. तेव्हापासून रोज नऊला येते, हाताने बटण दाबते, पाचला परत येते. पाच महिने. बिल्डिंगमधे म्हणतात, शिलाईवालीचं डोकं फिरलं, म्हणू देत. साबणाने मासे मारले, दोन झाडं खडीत पुरून कुजवली, पण बाकी जगवलंय. इतके दिवस माझ्या खोलीत का नेली नाही? नेली असती तर मला समोर काय दिसलं असतं? काळी खिडकी. ते नको होतं. आता न्यावी तर मशीन नि कपड्यांमधे जागा नाही. आणि ठेवली कुणाकडे तर — हे बघा, माझी अट एकच आहे. दिवा हाताने लावायचा. त्याने काहीही लिहिलेलं असू दे वहीत. सकाळी उठून बटण दाबायचं, संध्याकाळी बंद करायचं. बाहेरगावी गेलात तर दोन दिवस अंधारात झाडं मरत नाहीत. आणि तुमच्या खिडकीसमोर कोण राहतं? — माहीत नाही? किती वर्षं राहताय तिथे? बरं, असू दे, आजच जा आणि विचारा. सांगा, आमच्या खिडकीत टाकी आहे, हिरवा उजेड असतो, मी हाताने लावतो, एखाद्या सकाळी लागला नाही तर दार वाजवा. हसतील ते. हसू द्या. एवढं कबूल करा आणि घेऊन जा.

चला, उठा, ती बादली द्या इकडे, मासे हिच्यात घेऊ. पाणी टाकीतलंच भरायचं, नळाचं नाही. झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळू, क्रिप्ट सगळ्यात शेवटी काढू, मुळाला धक्का लागता कामा नये. टाकी रिकामी झाल्याशिवाय उचलायची नाही, नाहीतर तळाची काच तडकते. ही नळी धरा. अशी, तोंडाशी बोट दाबून. — वाजतोय. तिसऱ्यांदा वाजतोय तुमचा फोन. काढा ना बाहेर. 'ताई' लिहिलंय. घ्या. मी धरते नळी. काय? एकदा सुरू झाली की थांबत नाही? अर्धा तास बोलते? मग बोलू दे की अर्धा तास, मला कुठे घाई आहे, मी इथे त्या हलत्या खुर्चीवर बसते, तुम्ही तिकडे गॅलरीत जा, तिथे आवाज नीट येतो. घ्या. अहो, वाजतोय अजून. घ्या म्हणते ना —

कापलात.

नाही, नाही, चिडले नाही. द्या ती नळी. द्या इकडे. मासे बादलीत नाही घ्यायचे आता. — गाडी ठरवून आलात, असू दे. माझं चुकलं, फळ्यावर लिहायलाच नको होतं, मी खोडून टाकीन. उद्याचं उद्या बघेन, मालकांशी बोलेन, काय व्हायचं ते होईल. — नाही, टायमरसाठी नाही. तुम्ही जा. खाली चौकात उभं राहून फोन लावा तिला, नाहीतर नका लावू, मी कोण सांगणारी. जा. दार ओढून घेऊ नका. उघडंच राहू द्या ते.